कळवल्याची नोंद

नंदनवन, नागपूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

रोशनीताई,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून कागद. धम्मदीप भाऊजींना विचारून उमरेडला तुमच्या घरी पाठवते आहे. ते म्हणाले, "ती तुहं नाव काढू देत नाही घरात. पाठव, मी तिच्यासमोर ठेवतो. फाडलं तर मले बोलू नको."

जे झालं ते तारखेनिशी लिहिते. मला तसंच लिहिता येतं.

१८ डिसेंबर, बुधवार. आपल्या रुग्णालयाचा सर्जिकल वॉर्ड, खाट क्रमांक चौदा. देवाजी, वय एकसष्ट, उमरेडचे विणकर. आदल्या दिवशी पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालेलं. सकाळची पाळी तुझी. दुपारी दोननंतर त्यांना परत थिएटरमध्ये नेलं, पोटात रक्तस्राव होत होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, एकच प्रश्न विचारला: सकाळभर त्यांच्याकडे कोणी पाहिलं होतं का?

रुग्णालयानं आमच्या माहिती विभागाकडून संगणकातल्या नोंदी मागवल्या. सकाळी नऊला बीपी ठीक. त्यानंतरची नोंद थेट दोन वाजून दहा मिनिटांची. 'डॉक्टरांना कळवले' हा रकाना रिकामा. अहवाल आमच्या विभागातून गेला. ३० डिसेंबरला तुला निलंबित केलं.

अहवालात खोटं काही नव्हतं. जे नोंदलेलं होतं तेच त्यात होतं.

हे माफीचं पत्र नाही. चौकशी समिती १४ फेब्रुवारीला बसणार आहे. तू आली नाहीस तर प्रकरण जसंच्या तसं नर्सिंग कौन्सिलकडे जाईल आणि तुझ्या नोंदणीवर येईल. सोळा वर्षं काम केल्यावर तुझ्याबद्दल शेवटचा कागद असा असावा, की हिनं पेशंटकडे पाहिलं नाही? तू ये. मला एवढंच सांगायचं आहे.

तुझे दोन युनिफॉर्म इथल्या इस्त्रीवाल्याकडे पडले होते. आणून ठेवले आहेत.

मयुरा


रविवार, १९ जानेवारी

ताई,

माझं पत्र परत आलं. त्याच पाकिटात, वर नवं तिकीट लावून. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात एक ओळ आहे: "रिमार्कमध्ये पाह्यलं का वं तू?"

नाही. पाहिलं नव्हतं.

कारण सांगते, ते कारण म्हणूनच वाच. अहवाल रकान्यांवरून निघतो. बीपी, नाडी, वेळ, हो किंवा नाही. ज्याची यादी होते, ज्याची मोजणी होते, तेच यंत्र वाचतं. खालच्या रिमार्कच्या मोकळ्या चौकटीत कोणी काहीही लिहू शकतं, म्हणून अहवालात ती धरतच नाहीत. आमच्या विभागात त्या चौकटीला अडगळ म्हणतात. हा शब्द मीही वापरलेला आहे.

तुझी ओळ गुरुवारी मिळाली. शुक्रवारी मी ती चौकट उघडली. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी तू लिहिलं आहेस: "११.२० बीपी ९०, पल्स ११८, घाम. सरांना कॉल. १२.०५ परत कॉल. १२.४० परत. सर ओटीत. सलाईन वाढवलं, पाय वर केले."

सगळं तिथंच होतं. तीस दिवस.

वेळेचंही कळलं. वॉर्डात संगणक एक, राउंड संपेपर्यंत त्यावर डॉक्टर. तुम्ही सगळ्या हाताला लागेल तो चिकटपट्टीचा तुकडा ॲप्रनवर डकवता, त्यावर आकडे लिहिता, आणि खुर्ची रिकामी झाली की एकदम संगणकात भरता. दोन दहा ही तुला खुर्ची मिळाल्याची वेळ आहे. संगणक तीच बीपी घेतल्याची वेळ धरतो. मी स्वतः दोन वर्षं वॉर्डात काढली, माझ्याही ॲप्रनवर अशा पट्ट्या असायच्या. मला हे माहीत होतं. तरी अहवाल लिहिताना मला ते आठवलं नाही.

हो, अहवाल मीच लिहिला. मागच्या पत्रात मी "आमच्या विभागातून गेला" असं लिहिलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. तुझा कर्मचारी क्रमांक पहिल्याच पानावर होता. हे काम दुसऱ्या कोणाला द्या, असं मी म्हणू शकले असते. मला वाटलं, बहीण आहे म्हणून बाजूला होणं हा कमकुवतपणा. चिन्मयी सांगत होती (आयसीयूतली चिन्मयी, तुझ्या बॅचची), की अहवाल समोर ठेवला तेव्हा तू आधी "मी लिहिलं आहे" म्हणालीस, मग खालची सही पाहिलीस आणि एकही प्रश्न न विचारता उठलीस. तू विचारायला हवं होतंस. मीही.

शनिवारी टेलिफोनच्या खोलीत गेले. ऑपरेटर नत्थूजींना म्हटलं, १८ डिसेंबरचे वॉर्डातून गेलेले कॉल हवेत.

"पोरी, सहा महिन्यांचं राहते मशीनमधी," ते म्हणाले. "कोणी मागतच नाही. मले वाटे हे मशीन माह्यासारखंच, रिटायरमेंटची वाट पाहून राहिलं."

अकरा बावीस. बारा सहा. बारा एक्केचाळीस. तिन्ही कॉल वॉर्डातून निवासी डॉक्टरांच्या मोबाइलवर. छापील कागद, नत्थूजींची सही, माझ्याजवळ आहे.

मग मी आणखी एक केलं. गेल्या सहा महिन्यांतल्या सर्जिकल वॉर्डाच्या सगळ्या रिमार्क-चौकटी वाचल्या. डॉक्टरांना कळवल्याची गोष्ट तुम्ही त्रेचाळीस प्रकारे लिहिली आहे. सरांना सांगितले. सर अवेअर. आरएमओ इन्फॉर्म. कॉल दिला. कॉल केला, उचलला नाही. मॅडमना माहीत आहे. सर को बताया. एकीनं नुसतं "सांगितलं" लिहिलं आहे. कोणाला, काय, कधी, काही नाही. एकीनं "वरीलप्रमाणे" लिहिलं आहे आणि वर काहीच नाही.

मोजलं. सहाशे बारा वेळा सिस्टरांनी डॉक्टरांना कळवलं. रुग्णालयाच्या लेखी ते नऊ वेळा.

ये, ताई. कागद माझ्याकडे आहेत, पण त्या सकाळी मी वॉर्डात नव्हते.

मयुरा


रविवार, २ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींचा फोन आला होता. उमरेडच्या बाजारात काय झालं ते त्यांनी सांगितलं. पार्वतीबाईंनी हातातली मेथी तशीच टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हेच ते सिस्टर. माहा माणूस घामानं भिजला अन् हिनं पाह्यलं बी नाही." तू तिथूनच घरी परतलीस. तेव्हापासून भाजी भाऊजी आणतात.

पार्वतीबाईंनी माझा अहवाल वाचला आहे. त्यांना वाटतं ते माझ्या कागदावरून वाटतं.

आणखी एक गोष्ट उरली आहे, ती मी दोन पत्रांत लिहिली नाही.

मार्च २०२३. नवा फॉर्म मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीकडून आला तेव्हा 'डॉक्टरांना कळवले' हा रकाना लाल स्टार लावून सक्तीचा केलेला होता. बीपी ठरलेल्या आकड्याखाली गेला, की कोणाला कळवलं आणि किती वाजता, हे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. तू माझ्या घरी आलीस, पायातल्या चपला न काढता स्वयंपाकघरात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अठ्ठावीस पेशंट, आम्ही दोघी जणी, अन् तुहा कंप्युटर म्हणते आधी मले उत्तर दे. काढ वं तो लाल स्टार. आम्ही लिहितो ना खाली."

दुसऱ्या दिवशी मी तो स्टार काढला. कोणाची मंजुरी घेतली नाही. फॉर्ममध्ये बदल केला की कारण लिहायचं असतं. मी तिथं काही लिहिलेलं नाही. तू म्हणालीस हे पुरेसं कारण वाटलं होतं मला.

हे मी समितीला सांगणार आहे. त्यानंतर माझं काय होईल ते माहीत नाही. तुला तिथं बसून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून आधी लिहिते.

आणि हेही लिहिते, कारण ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही. स्टार काढायला सांगितलंस त्या दिवशी तू चुकलीस. मीही चुकले, पण तूही.

तू नेहमी म्हणतेस, आकड्यांत काय आहे, माणूस पाहावा लागतो. देवाजींना तू पाहिलंस. अकरा वीसला पाहिलंस, सगळ्यांच्या आधी. पण तुझं पाहणं एका चौकटीत पडून राहिलं आणि ती चौकट कोणी उघडत नाही. तो लाल स्टार असता, आणि पट्टीऐवजी तिथंच नोंद झाली असती, तर ड्यूटीरूमच्या पडद्यावर खाट चौदा अकरा पंचवीसला लाल झाली असती. ओटीतले डॉक्टर एकटे होते, त्यांना टाके सोडून येता आलं नाही, हे मी समजू शकते. पण पडदा दुसऱ्या कोणीतरी पाहिला असता. देवाजी वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. अडीच तास कमी लागले असते, एवढं माहीत आहे.

डॉक्टर औषध लिहितात तेव्हा प्रत्येक वॉर्डात त्या औषधाचं नाव एकच असतं. लॅबचा आकडा कुठंही वाचला तरी तोच. म्हणून त्यांचं काम दिसतं, मोजलं जातं, त्यावरून माणसं वाढवून मिळतात. आपल्या कामाला प्रत्येक सिस्टर आपापलं नाव देते आणि त्यात तिला स्वातंत्र्य वाटतं. कूस बदलली, पाठ पाहिली, लघवी कमी झाली म्हणून फोन केला, घाबरलेल्या बाईजवळ दहा मिनिटं बसले. हे सगळं रिमार्कमध्ये. वॉर्डाला तिसरी सिस्टर द्या असं तुम्ही चार वर्षं मागता आहात. कशाच्या आधारावर देतील? त्यांच्याकडे तुमचे नऊ फोन आहेत.

रकाने कोणीतरी ठरवणारच. सिस्टरांनी ठरवले नाहीत तर ज्यानं आयुष्यात एकदाही लघवीची पिशवी रिकामी केलेली नाही तो कंपनीतला मुलगा ठरवेल, आणि तुम्ही पुन्हा स्टार काढायला सांगाल. फॉर्म लादलेला होता, म्हणून तो तुम्हाला शत्रू वाटला. हा दोष तुमचा नाही. पण आता तो मागायला हवा, आणि तो तुम्हीच मागायला हवा. मी मागितला तर तो पुन्हा विभागाचा होतो.

चिन्मयीशी बोलले आहे. बुधवारी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या जमणार आहेत.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे करते आहे.

मयुरा


शनिवार, १५ फेब्रुवारी

ताई,

काल तू आलीस. मला 'मॅडम' म्हणालीस, ठीक आहे. तू निघून गेल्यावर खोलीत काय झालं ते तुला कळायला हवं. त्याआधी पाच तारखेच्या बुधवारचं.

कपडे बदलायच्या खोलीत एकोणीस जणी होत्या, बाकं दोन. मी त्रेचाळीस प्रकारांची यादी वाचली. "वरीलप्रमाणे" आलं तेव्हा सगळ्या हसल्या आणि जिनं लिहिलं होतं तिनं तोंडाला रुमाल लावला. मग भांडण सुरू झालं. एक म्हणाली, "आधीच जेवाले वेळ नाही, वरून तुह्या टिका मारत बसू?" चिन्मयी म्हणाली, "रिमार्कमधी चार ओळी लिहाले किती वेळ लागते तुले? अन् टिक माराले? घड्याळ लावून पाहू का?" लावलं. खरंच लावलं. चार ओळींना दोन मिनिटं दहा सेकंद, तीन रकान्यांना अठरा सेकंद. ती पहिली बाई म्हणाली, "मंग कंप्युटर दोन पाहिजेत. अन् पाहिल्याची वेळ वेगळी, भरल्याची वेळ वेगळी. नाही तर मी सही नाही करत." ही सर्वांत महत्त्वाची सूचना होती आणि ती माझ्या डोक्यात आली नव्हती. कागदावर पहिली तीच लिहिली.

काल. तू समितीसमोर जे बोललीस ते इतिवृत्तात असं आहे: "स्टार काढा म्हणून मीच सांगतलं होतं, ती माही चूक आहे. त्याची शिक्षा द्या. पण मी पाह्यलं नाही असं लिहू नका." लिहिणाऱ्यानं त्याचं शुद्ध मराठी केलं होतं. मी तुझे शब्द परत घालून घेतले.

तू गेल्यावर अधीक्षक डॉ. श्रीधर म्हणाले, "कॉलचे पुरावे आहेत. सिस्टरांना ताकीद देऊन परत घेऊ आणि विषय संपवू. फॉर्म-बिर्म नंतर पाहता येईल."

मी म्हटलं, ताकीद कशाची? कळवलं त्याची, की चुकीच्या चौकटीत लिहिलं त्याची? चुकीची चौकट उघडी मी ठेवली होती. मग माझा मार्च २०२३ चा बदल पडद्यावर दाखवला. कारणाची जागा रिकामी.

तेवढ्यात चिन्मयी आत आली. तिला बोलावलं नव्हतं. तिनं एकोणीस सह्यांचा कागद टेबलावर ठेवला. "सर, आज रोशनी आहे, उद्या मी राहीन. सगळ्या वॉर्डात एकच शब्द पाहिजे, एकच रकाना पाहिजे. आम्हालेच पाहिजे."

डॉ. श्रीधरांनी चष्मा काढला. "तीस वर्षं झाली मला. सिस्टरांनी स्वतःहून जास्त लिहायला मागितलेलं आज पहिल्यांदा पाहतो आहे."

"जास्त नाही, सर. कमी. पण दिसंल असं."

निर्णय: तुझं निलंबन रद्द, ताकीद नाही. फॉर्म सिस्टरांची समिती ठरवेल, वॉर्डाला दुसरा संगणक मिळेल. मला मेमो मिळाला आहे आणि तीन महिने चौकशीचे अहवाल मी लिहायचे नाहीत. योग्य आहे. एक शेवटचा सोडून: देवाजींच्या नोंदींचा दुरुस्त अहवाल. तो पार्वतीबाईंना पोस्टानं पाठवू म्हणत होते. मी म्हटलं, मी नेते.

मयुरा


रविवार, २३ फेब्रुवारी

ताई,

आज उमरेडला आले होते. एसटीतून उतरल्यावर तुझ्या गल्लीवरूनच जावं लागतं. थांबले नाही. तुला विचारलेलं नव्हतं.

पार्वतीबाई ओट्यावर होत्या. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, आधीचा कागद मी लिहिला होता, तो अपुरा होता, हा नवा आहे. त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाही चष्म्याबिगर. तूच वाच." मी वाचला. अकरा वीस, बीपी नव्वद. फोन. बारा पाच. फोन. बारा चाळीस. फोन. सलाईन, पाय वर. त्यांनी प्रत्येक वेळ आपल्या तोंडानं पुन्हा म्हटली. शेजारची बाई दाराशी येऊन उभी राहिली होती. पार्वतीबाई तिला म्हणाल्या, "पाह्यलं होतं वं तिनं. तीनदा फोन केला." बाजारात बोलल्या होत्या तेवढ्याच मोठ्यानं.

चहा आला. तो पिऊन होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर विचारलं, "अन् तिकडून काय म्हणाले, फोनवर?"

मी कागद उलटला. उलटायची गरज नव्हती, मला तो पाठ आहे. कोणाला कळवलं, केव्हा कळवलं, हे आम्ही मागितलं. समोरून काय उत्तर आलं, हे कोणीच मागितलं नव्हतं. मिहानच्या कंपनीनं नाही, मी नाही, एकोणीस जणींनीही नाही. मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही. मला माहीत नाही. रोशनी सिस्टरला माहीत आहे."

"अन् माह्या माणसानं काही विचारलं का? शुद्धीवर होता तवा? माहं नाव घेतलं का?"

"तेही तिलाच माहीत असेल."

"मंग तिले पाठवाचं ना. तुले काहून पाठवलं?"

मी कागद त्यांच्याजवळ ठेवला.

घरी आल्यावर नव्या फॉर्मच्या मसुद्यात एक ओळ वाढवली: मिळालेलं उत्तर. चिन्मयीला फोन केला तर म्हणाली, डॉक्टर चिडतील. चिडू देत. ती ओळ सक्तीची ठेवायची की नाही, हे सिस्टरांची समिती गुरुवारी अडीच वाजता ठरवेल. तू येत्या शनिवारपासून कामावर आहेस, पण गुरुवारी आलीस तर खुर्ची असेल. मी त्या खोलीत नसेन. हा निर्णय तुमचा आहे.

त्याआधी मंगळवारी पार्वतीबाईंकडे जा. त्या दुपारी घरीच असतात. त्या समितीबद्दल, कोणत्या कागदाबद्दल विचारत नाहीत. त्यांच्या माणसाची शेवटची सकाळ तू पाहिलीस, ती त्यांना ऐकायची आहे. त्यातलं काही कठीण असेल तर तेही सांग. त्या ऐकू शकतील असं मला वाटतं.

त्यांनी विचारलं, येईल का ती? मी म्हटलं, येईल.

हे मी तुला न विचारता सांगितलं आहे.

मयुरा